वसतिगृहापासून समाजमंदिरापर्यंत

स्मरणिकेच्या या अंकासाठी विद्यार्थी-साहाय्याच्या इतिहासावर चार शब्द लिहावेत, अशी आज्ञा संपादक मंडळाने आम्हांस केली. आम्ही जन्मभर प्राथमिक शाळेत पाढे आणि शुद्धलेखन शिकविलेले मॅट्रिक शिक्षक. इतिहासाच्या विद्वत्तेवर आमचा अधिकार नाही. तथापि 'शिष्यवृत्ती' या शब्दाशी आमचा संबंध तिन्ही बाजूंनी आलेला आहे. विद्यार्थिदशेत आम्ही साहाय्य घेतले. शिक्षक झाल्यावर मुलांना शिष्यवृत्तीच्या परीक्षेस बसविले. आणि निवृत्तीनंतर आपल्या मंडळाच्या समितीवर बसून ते साहाय्य वाटलेही. या अनुभवाच्या आधारे हा लेख ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम ऋण मान्य करणे उचित होय. आम्ही अकरावीत असताना घरी वीज नव्हती आणि पुस्तकेही नव्हती. त्या वर्षी ज्ञातीच्या मंडळींनी आमच्या हाती एक लहानशी रक्कम ठेवली. तीतून बीजगणित, भूमिती आणि इंग्रजी यांची पुस्तके आली; उरल्या पैशांत कंदिलाच्या दोन काचा आल्या. परंतु त्या रकमेहून अधिक उपयोगी पडली ती त्या वेळच्या चिटणीसांची एक सवय. ते दर पंधरा दिवसांनी आमच्या दारावरून जात आणि अंगणातूनच विचारीत, "काय मास्तर, गणित कुठवर आले?" आम्ही पुढे खरेच मास्तर झालो, त्यात या प्रश्नाचा वाटा मोठा आहे. पैसा, दिवा आणि विचारपूस करणारा माणूस, या तीन गोष्टी एकत्र आल्या तरच गरिबाचे मूल शिकते, हे आम्ही तेव्हा अनुभवले. महाराष्ट्राचा विद्यार्थी-साहाय्याचा इतिहास वाचताना तेच सूत्र आम्हांस पुनःपुन्हा भेटले.

हा इतिहास आपल्या दाराशीच सुरू होतो. कल्याणपासून वासिंदपर्यंतचा लोहमार्ग इ. स. १८५५ मध्ये सुरू झाला. आज आंबिवलीच्या फलाटावर आपण ज्या गाडीची वाट पाहतो, ती याच मार्गावरून धावते. हिंदुस्थानात आगगाडी यावी म्हणून ज्यांनी खटपट केली, त्यांत नाना शंकरशेट अग्रभागी होते. जगन्नाथ शंकरशेट यांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी मुरबाड येथे, म्हणजे आपल्या शेजारच्याच तालुक्यात झाला. मुंबईतील शिक्षणसंस्थांच्या उभारणीत त्यांनी आयुष्य वेचले. इ. स. १८६५ मध्ये ते निवर्तले. मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृत विषयात पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्यास मिळणारी त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या मानाची समजली गेली. इ. स. १९१२ मध्ये ती मिळविणारे चिंतामणराव देशमुख पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि नंतर देशाचे अर्थमंत्री झाले.

गुणवंताचा गौरव करणारी ही परंपरा थोर आहे, यात शंका नाही. परंतु एक प्रश्न तिच्या कक्षेबाहेर राहतो. जो मुलगा मॅट्रिकपर्यंत पोहोचतच नाही, त्याने संस्कृतात पहिले कसे यावे? हा प्रश्न महात्मा जोतीराव फुले यांनी इ. स. १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे सादर केलेल्या निवेदनात मांडला. केवळ स्पर्धेने शिष्यवृत्त्या वाटण्याची पद्धत वरवर न्याय्य दिसली, तरी तिच्यामुळे शिक्षणात मागे राहिलेल्या वर्गांत विद्येचा प्रसार होत नाही; म्हणून काही शिष्यवृत्त्या अशा वर्गांसाठी ठेवाव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. या गोष्टीस आता जवळजवळ दीडशे वर्षे होत आली. तरीही आपल्या सभागृहात दरवर्षी गुणगौरवाचा समारंभ होतो आणि ज्यांच्या घरी स्वतंत्र अभ्यासाची खोली आहे व शिकवणीची फी भरण्याची ऐपत आहे, बहुधा त्यांच्याच हाती पाकिटे पडतात, तेव्हा जोतीरावांचे ते निवेदन आम्हांस आठवल्याविना राहत नाही.

आता वसतिगृहांकडे वळू. खेड्यातील मुलास विद्यालयाच्या गावी राहावयास जागा व जेवावयास अन्न मिळाल्याविना त्याचे शिक्षण पुढे सरकत नाही, हे ओळखून त्यावर राज्याच्या बळाने उपाय करणारे पुरुष म्हणजे कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज. त्यांचा पहिला प्रयत्न जातवार नव्हता, ही गोष्ट अनेकांस ठाऊक नसते. इ. स. १८९६ मध्ये राजाराम कॉलेजला जोडून त्यांनी सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एकच वसतिगृह काढले. दार सर्वांना खुले होते. परंतु शिक्षणात आधीच पुढे असलेल्यांनीच त्याचा लाभ घेतला आणि इतर मुले तेथे टिकली नाहीत. केवळ दार उघडे ठेवल्याने आत येण्याचे धैर्य येत नसते, हा धडा महाराजांनी घेतला.

म्हणून इ. स. १९०१ पासून त्यांनी मार्ग बदलला. प्रत्येक समाजातील पुढाऱ्यांस पुढे करून, त्यांना जागा व वार्षिक मदत देऊन त्यांनी निरनिराळी वसतिगृहे उभी करविली. मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत, दैवज्ञ, नामदेव शिंपी, सारस्वत, कायस्थ प्रभू अशी नावे त्या मालिकेत येतात. इ. स. १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. कोल्हापुरास 'वसतिगृहांची जननी' म्हणू लागले ते याच कार्यामुळे. इ. स. १९१७ मध्ये महाराजांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले.

आपल्यासारख्या ज्ञातिमंडळांचे मूळ या काळात आहे. ज्ञातीने आपल्या मुलांसाठी निधी गोळा करावा, इमारत बांधावी, होतकरू मुलास हात द्यावा, ही कल्पना महाराष्ट्रभर त्या पिढीत रुजली. तिच्याबद्दल लाज वाटण्याचे कारण नाही. ज्यांना कोणी विचारीत नव्हते, त्यांना निदान त्यांच्या ज्ञातीने विचारले. परंतु महाराजांनी अखेरच्या वर्षांत वेळोवेळी हेही बजावले होते की, जातवार संस्था हे साधन आहे. साध्य आहे ते जातिभेद नाहीसा होणे. शिडी चढण्यासाठी असते. तिच्यावर बिऱ्हाड करावयाचे नसते.

हे वचन ज्यांनी कृतीत उतरविले, त्यांत कर्मवीर भाऊराव पाटील यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. विद्यार्थी असताना ते कोल्हापुरात जैन बोर्डिंगात राहत. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास हजर राहून परत आल्यावर स्नान करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यापायी त्यांना ते बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले आहे. ज्या मुलास स्वजातीच्या वसतिगृहातून बाहेर पडावे लागले, त्यानेच पुढे सर्व जातींच्या मुलांना एका पंक्तीस बसविले. इ. स. १९१९ मध्ये काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, इ. स. १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह काढले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एकत्र जेवीत. मुलांची उपासमार होऊ नये म्हणून लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, अखेर मंगळसूत्रही मोडले. इ. स. १९२७ मध्ये महात्मा गांधींनी साताऱ्यास येऊन त्या वसतिगृहास 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नाव दिले. गुरूच्या वसतिगृहांस जातींची नावे होती. शिष्याच्या वसतिगृहास गुरूचे नाव मिळाले. आमच्या मते महाराष्ट्राच्या शिक्षणेतिहासातील हा एक सुंदर योग होय.

त्याच दशकात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीही विद्यार्थ्यांच्या निवासाकडे प्रथम लक्ष दिले. ते स्वतः शिष्यवृत्तीचे मोल जाणत होते. सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर इ. स. १९१३ मध्ये ते अमेरिकेस गेले होते. इ. स. १९२४ मध्ये त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापिली आणि पुढच्याच वर्षाच्या आरंभी सोलापुरास सभेचे वसतिगृह सुरू झाले. एका शिष्यवृत्तीने एक माणूस घडला आणि त्या माणसाने सहस्रावधींसाठी विद्येची दारे उघडली.

आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यात तर याहून निराळा प्रयोग झाला. ताराबाई मोडक यांनी इ. स. १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि इ. स. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. बोर्डी व कोसबाड आता इ. स. २०१४ मध्ये निर्माण झालेल्या पालघर जिल्ह्यात आहेत. वारली मुले शाळेत येईनात, तेव्हा या दोघींनी शाळाच मुलांकडे नेली. पाड्यावरच्या अंगणात बालवाडी भरविली, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरविली. मूल कोणत्या जातीचे, असा प्रश्न त्यांनी केला नाही. मूल कोठे आहे, एवढेच त्यांनी पाहिले.

यानंतर शासनानेही पाऊल उचलले. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना आर्थिक दृष्ट्या मागासलेल्या कुटुंबांतील मुलांना फीमाफीची सवलत मिळाली. तिची कसोटी घरची मिळकत ही होती. आमच्या नोकरीच्या काळात चौथीच्या व सातवीच्या शिष्यवृत्ती परीक्षा ही प्रत्येक शाळेची प्रतिष्ठा असे. पुढे आठवीच्या मुलांसाठी केंद्राची आर्थिक दुर्बल घटकांची शिष्यवृत्ती आली. तीत नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. परंतु आमचा अनुभव असा की, योजना असते, पैसाही असतो. अर्ज भरावयास माणूस नसतो. उत्पन्नाचा दाखला कोठे मिळतो, बँकेत मुलाचे खाते कसे उघडावे, अर्जाची मुदत कधी संपते, हे बापास कळत नाही आणि मुलास सुचत नाही. अंगणातून हाक मारून विचारणारे ते चिटणीस अशा वेळी हवे असतात.

आता आपल्या गावाकडे येऊ. आंबिवली, मोहने, अटाळी, वडवली ही एके काळची भाताची खेडी. स्वातंत्र्याच्या सुमारास मोहने येथे नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा प्रचंड कारखाना उभा राहिला आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून कामगार येथे आले. कोकणातला, खानदेशातला, उत्तरेतला, दक्षिणेतला मनुष्य एकाच भोंग्यावर उठू लागला. त्यांची मुले आमच्या वर्गात एकाच बाकावर बसली. इ. स. २००९ मध्ये कारखाना बंद पडला. त्यानंतर कित्येक घरांत चूल कशी पेटली, हे येथील वाचकांस आम्ही सांगावयास नको. मुलांच्या शाळा सुटल्या, त्या सर्वच ज्ञातींच्या सुटल्या. दारिद्र्याने येताना कोणाची जात विचारली नाही.

याच संदर्भात आमच्या हातून घडलेली एक गोष्ट सांगतो. सांगताना संकोच होतो. परंतु इतिहास लिहावयाचा तर स्वतःचाही लिहिला पाहिजे. काही वर्षांपूर्वी मंडळाच्या शिष्यवृत्तीसाठी आलेल्या अर्जांत एक अर्ज आपल्या ज्ञातीबाहेरच्या मुलाचा होता. आपल्याच एका सभासदाच्या शेजारी तो राहत असे. सभासदाच्या मुलाने अर्ज नेला, म्हणून त्यानेही नेला. ज्ञातीचा रकाना त्याने प्रामाणिकपणे भरला होता. वडिलांना काम नव्हते. गुण चांगले होते. आम्ही नियमावली पाहिली आणि लाल शाईने 'अपात्र' असा शेरा मारला. तो शेरा आमच्याच हस्ताक्षरात आहे. मुलगा दहावीनंतर कामाला लागला. पुढे आपल्या समाजमंदिरातील पंखे दुरुस्त करण्यास जो कारागीर आला, तो तोच. त्याने आम्हांस नमस्कार केला, चहा घेतला, काम चोख केले, ठरलेली मजुरी घेतली आणि गेला. अर्जाचा विषय त्याने काढला नाही. आम्हीही काढला नाही. त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. नियमाप्रमाणे आम्ही चुकलो नव्हतो. परंतु ज्या चिटणीसांनी आमच्या कंदिलाची काळजी वाहिली, ते त्या जागी असते तर त्यांनी काय केले असते, हा प्रश्न आम्हांस सोडीत नाही.

म्हणून या लेखाच्या निमित्ताने काही सूचना ज्ञातिबांधवांच्या विचारार्थ ठेवतो.

पहिली सूचना समाजमंदिरासंबंधी. आपले सभागृह लग्नसराईत गजबजते. हळदीकुंकू, वक्तृत्व व चित्रकलेच्या स्पर्धा, सुट्टीतील संस्कारवर्ग हे कार्यक्रम उत्साहाने होतात. परंतु नोंदवही चाळली तर असे दिसते की, आठवड्यातील बहुतेक सायंकाळी दारास कुलूप असते. त्याच वेळी चाळीच्या एका खोलीत दूरदर्शनचा आवाज, धाकट्यांचे रडणे आणि पाहुण्यांची ये-जा यांत दहावीची मुलगी भूमितीचे प्रमेय पाठ करीत असते. मुलगा निदान बाहेर ओट्यावर जाऊन बसतो. मुलीस तीही सोय नाही. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय इ. स. १८६४ मध्ये आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय इ. स. १८९३ मध्ये स्थापन झाले. आपल्या पूर्वजांनी एवढ्या जुन्या काळी वाचनासाठी सर्वांची जागा निर्माण केली. मग आपण सायंकाळचे तीन-चार तास अभ्यासिका चालविणे अवघड का मानावे? टेबले, दिवे, पिण्याचे पाणी, स्वच्छ शौचालय आणि मुलींना घरापर्यंत पोहोचविण्याची व्यवस्था, एवढे पुरे आहे. ही अभ्यासिका गावातील कोणत्याही मुलास खुली असावी. मात्र इ. स. १८९६ चा धडा विसरू नये. केवळ 'सर्वांसाठी' अशी पाटी लावून भागणार नाही. ज्यांना येण्यास संकोच वाटतो, त्यांच्या घरी जाऊन बोलवावे लागेल.

दुसरी सूचना वेळेसंबंधी. वह्या, गणवेश, प्रवेशाची फी यांचा खर्च जूनमध्ये असतो आणि आपले पाकीट समारंभात, पाहुण्यांच्या सोयीने, पुढे दोन-तीन महिन्यांनी मिळते. तोवर बापाने व्याजाने पैसे काढलेले असतात. गौरव समारंभात करावा. साहाय्य जूनमध्येच आणि शक्यतो घरी नेऊन द्यावे. गरजू मुलास व्यासपीठावर उभे करून त्याच्या गरिबीची टाळ्यांनी दखल घेण्याचे कारण नाही.

तिसरी सूचना निधीसंबंधी, आणि तीच नाजूक आहे. दात्यांनी आपल्या वडीलधाऱ्यांच्या स्मरणार्थ ज्ञातीच्या मुलांसाठी म्हणून जी पारितोषिके ठेवली, ती तशीच चालावीत. दात्याच्या इच्छेस बाध येऊ देणे योग्य नव्हे, आणि सार्वजनिक न्यासाचे उद्दिष्ट मनास येईल तसे बदलण्यास कायदाही मुभा देत नाही. परंतु यापुढे जी नवी वर्गणी जमेल, तिचा काही भाग आंबिवली परिसरातील कोणत्याही ज्ञातीच्या गरजू मुलामुलींसाठी ठेवण्याचा ठराव सर्वसाधारण सभेने रीतसर विचारात घ्यावा. येथे हेही नमूद करणे योग्य की, इ. स. १९६१ च्या आयकर कायद्याने त्यानंतर केवळ एका जातीच्या हितासाठी स्थापन झालेल्या धर्मादाय संस्थांना करसवलत नाकारली होती. मागासवर्ग, स्त्रिया व मुले यांच्यासाठीच्या संस्थांचा तेवढा अपवाद होता. स्वतंत्र देशाच्या कायद्याचा कल कोणीकडे आहे, हे त्यावरून समजते.

चौथी सूचना आमच्यासारख्या निवृत्तांसाठी आहे. प्रत्येक निवृत्त बंधुभगिनींनी दोन मुले वाटून घ्यावीत. शिकविता आले नाही तरी चालेल. पंधरा दिवसांनी एकदा दारात उभे राहून विचारावे, अर्जाच्या मुदतीची आठवण द्यावी, दाखला काढण्यास बापाबरोबर जावे. यास पैसा लागत नाही. गुडघे तेवढे शाबूत हवेत.

ज्ञातीचा निधी बाहेर गेला तर आपल्या मुलांना काय उरेल, असे काही बांधव म्हणतील. त्यांची शंका रास्त आहे आणि तिची थट्टा आम्ही करणार नाही. आपल्यातही गरीब आहेत. त्यांचा हक्क पहिला, हे आम्हांस मान्य आहे. परंतु अभ्यासिकेतील दिवा चार मुलांऐवजी चाळीस मुलांवर पडल्याने त्याचा उजेड कमी होत नाही. शिवाय आपला मुलगा ज्याच्या शेजारी बसून शिकला, त्याच्या शेजारीच त्यास उद्या नोकरी करावयाची आहे आणि याच गावात राहावयाचे आहे.

ज्ञातीने आम्हांस पुस्तके दिली, काचा दिल्या, मास्तर केले. ते ऋण ज्ञातीस परत करण्याची शक्ती आमच्या निवृत्तिवेतनात नाही. लाल शाईचा तो शेराही आता पुसता येणार नाही. परंतु येत्या जूनपासून समाजमंदिराची किल्ली सायंकाळी आमच्याकडे सोपविल्यास दार उघडण्याचे, दिवे लावण्याचे आणि रात्री कुलूप घालण्याचे काम प्रकृती साथ देईल तोवर आम्ही विनावेतन करू. सर्वसाधारण सभेने या विनंतीचा विचार करावा, एवढीच प्रार्थना करून हा लेख पुरा करतो.